वाघाचा हयातीचा दाखला

सुरुवात दुधाच्या पातेल्यापासून झाली.

वाशिमला बालाजीच्या देवळाकडून बाजारात जाणाऱ्या रस्त्यावर आमचं फोटोचं दुकान होतं, मागे घर. घरातलं दूध रोज रात्री कमी व्हायचं. आईचा संशय शेजारच्या बोक्यावर. मी तेव्हा बावीस वर्षांचा. डोक्यात भलत्या कल्पना आणि हाताशी बापाचा कॅमेरा. मी पातेल्याभोवती काळा दोरा ताणला. दोऱ्याला धक्का लागला की बॅटरीच्या तारा जुळायच्या, मॅग्नेशियमची पावडर भप्पकन पेटायची आणि त्याच क्षणी कॅमेऱ्याचा पडदा उघडून मिटायचा. सकाळी कॅमेऱ्यातली फोटोची काच औषधात धुतली. तिच्यावर बोका नव्हता. मिशांना साय लागलेले आमचे काका होते. फोकस उत्तम.

काका पंधरा दिवस बोलले नाहीत, पण माझं नाव झालं. इतकं, की सन अडतीसच्या मार्चात एक उंच, पांढऱ्या पागोट्याचा म्हातारा दुकानाच्या पायरीवर येऊन बसला. किन्हीराजाच्या पुढे, जंगलाच्या कडेला बंजाऱ्यांचा एक तांडा आहे, तिथला नायक, फुलसिंग.

"तुमी म्हणे दोऱ्यानं फोटू काढता, बाबू."

"काढतो."

"वाघाचा निंगन का?"

"दूध प्यायला येणार असेल तर निघेल."

तो हसला नाही. मग मीही जरा सरळ बसलो.

प्रकरण असं होतं. तांड्यातल्या रतनसिंगचा बैल माघात वाघानं मारला. डाव्या कानाचा तुकडा तुटलेला वाघ, सगळ्यांच्या ओळखीचा, कानतुट्या म्हणायचे त्याला. रतनसिंग भर बाजारात म्हणाला, "त्याले जितं ठेवत नाई." आणि त्या दिवसापासून कानतुट्या दिसेनासा झाला. ना पाऊलखूण, ना डरकाळी. रेंजर जानराव साहेबांनी अंदाज बांधला, की रतनसिंगनं विष घातलं. एप्रिलात मोठे साहेब शिकारीला यायचे होते आणि हा वाघ त्यांच्यासाठी राखून ठेवलेला. रेंजरनं आठ दिवसांची मुदत दिली: वाघ जिवंत आहे हे दाखवा, नाहीतर रतनसिंग तुरुंगात आणि तांडा जंगलाच्या कडेवरून हलवायचा.

म्हणजे वाघ मारल्याबद्दल रतनसिंगला तुरुंग, आणि वाघ जिवंत का हवा, तर तो साहेबांना मारता यावा म्हणून. मी हे दोनदा विचारून घेतलं. दोन्ही वेळा उत्तर तेच आलं.

मी त्याच दुपारी सामान बैलांच्या दमणीत भरलं. खरं सांगतो, मला रतनसिंगची दया वगैरे तेव्हा आली नव्हती. मला नुसता आनंद झाला होता. काकांवरून थेट वाघावर बढती कोणाला मिळते?

तांड्यापासून कोसभर आत एक नाला होता. पाणी आटून एकच डोह उरलेला. काठावर मोहाचं झाड, खाली फुलांचा सडा, त्या गोड आंबूस वासानं डोकं जड व्हायचं. सागाची पानं गळलेली, पळस पेटलेले. जनावरांची वाट झाडाखालून पाण्याकडे जायची. मी तिथेच दोरा ताणला आणि दहा पावलांवर कॅमेऱ्याचं तिकाटणं रोवलं.

आता यात एक अडचण असते. फोकस आधी धरून ठेवावा लागतो, आणि त्यासाठी जनावर जिथे येणार तिथे कोणीतरी उभं लागतं. रतनसिंग उभा राहिला. तिशीचा, सडपातळ, कमी बोलणारा. मी काळ्या कापडात डोकं घातलं. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर तो उलटा दिसत होता, खाली डोकं वर पाय, पण स्पष्ट.

"ही जागा तुझी," मी लग्नातल्या वऱ्हाडाला सांगतो तसं त्याला सांगितलं. "कोणाला देऊ नको."

तो निघाला तेव्हा त्यानं आपल्या उभ्या जागी एक दगड ठेवला. मला वाटलं, खूण म्हणून. म्हटलं बरं झालं, उद्या शोधायला नको.

पहिल्या सकाळी दोरा ओढलेला होता. रतनसिंगच्या झोपडीच्या दाराला गोधड्या लावून, लाल काचेच्या कंदिलापाशी मी काच धुतली. साळ निघाली, साळिंदर. एकेक काटा मोजून घ्यावा अशी. मी गोधडी फाडूनच बाहेर आलो असेन. रतनसिंगची बायको मोतीबाई चुलीपाशी होती.

"वाघ हाये का?"

"साळ आहे."

"साळीचं काय करू?" म्हणून तिनं भाकर उलटली.

एक गोष्ट मला तेव्हा फक्त धंद्याच्या नजरेनं खटकली. साळ मधोमध नव्हती. दगडाच्या डाव्या बाजूला उभी होती आणि सरळ कॅमेऱ्याकडे पाहत होती.

दुसऱ्या सकाळी साळ डावीकडेच होती. उजवीकडे तडस. दोघंही समोर पाहणारे. मध्ये दगड आणि रिकामी जागा. दोऱ्याला धक्का लागल्यावर जनावर बिचकतं, मान वळवतं, निदान शेपूट तरी हलवतं. या दोघांनी काही हलवलं नव्हतं. मी आनंदानं रतनसिंगला मिठी मारली. मला वाटत होतं आपण आता नागपूरच्या प्रदर्शनात आहोत.

तिसरी काच मी धुतली, आणि तीही अजून तरी उत्साहानंच.

पुढे ओळीनं दोन ससे आणि साळ. त्यांच्या मागे कोल्हा, भेकर, रानडुकराची मादी. सगळ्यांत मागे, उंच म्हणून, रोही, म्हणजे नीलगाय. एका अंगाला तडस, दुसऱ्या अंगाला अस्वल. अस्वल बसलेलं होतं, दोन्ही पंजे मांड्यांवर ठेवून, हेडमास्तर बसतात तसं. लहान पुढे, मोठे मागे, कोणाचं तोंड कोणामागे झाकलेलं नाही. पुढच्याच आठवड्यात मी शाळेतल्या अकरा मास्तरांचा ग्रूप काढणार होतो आणि त्यांना असं बसवायला मला अर्धा तास लागणार हे मला माहीत होतं. इथे ज्यानं कोणी बसवलं होतं त्याला धंदा येत होता. मला त्याचा थोडा हेवाही वाटला.

मधोमध, दगडाच्या मागे, जागा मोकळी होती.

मी पट्टी लावून ती मोजली. फोकस धरताना रतनसिंगचे खांदे काचेवर जेवढे रुंद यायचे, तेवढीच. एक रेषही इकडेतिकडे नाही.

छापलेला फोटो फुलसिंग नायकानं हातात घेतला.

"आमच्या बैठकीत माणूस मधातून उठला त थो आपल्या जागी गोटा ठेवून जाते," तो म्हणाला. "कोणी त्या जागी बसत नाई. थो येईलोक जागा त्याची."

"मग?"

"मंग काही नाई. त्यायनं गोटा पाह्यला."

मोतीबाईनं त्या संध्याकाळी रतनसिंगचा हात धरून ठेवला. "तुमी नका जाऊ उभं राह्याले. तिथं बांबू गाडा."

"बांबूनं फोकस धरता येतो," मी म्हणालो, कारण खरंच येतो.

आम्ही दगड काढून तिथे बांबू रोवला, रतनसिंगच्या उंचीचा, आणि हौस म्हणून त्याला त्याचं लाल पागोटं बांधलं. सकाळी दोरा जसाच्या तसा होता, दव धरलेला. काच कोरी. बांबू उपटून दहा हातांवर आडवा ठेवलेला होता. पागोटं त्याच्यावर, घडी घालून.

"माकडं," मी म्हणालो.

"माकडं घडी घालतेत का?" मोतीबाई म्हणाली.

मुदतीचे तीन दिवस उरले होते. मोतीबाई माझ्याशी बोलत नव्हती, माझ्या कॅमेऱ्याशी बोलत होती. "याले वाघ पाह्यजे. मले माहा माणूस पाह्यजे."

"जेलात गेलो त कोणाच्या कामाचा राह्यलो?" रतनसिंग म्हणाला. "दोन घडी उभं राह्यलं तर काय झिजते? बाबू, चला."

तो उभा राहिला. जाताना दगड पुन्हा ठेवला. मी पाहिलं आणि ठेवू दिला. मला वाघ हवा होता.

पाचव्या काचेवर कानतुट्या होता.

सगळी मंडळी आपापल्या जागी, आणि वाघ रिकाम्या जागेला अगदी खेटून. डाव्या कानाचा तुकडा गेलेला, मिशी न् मिशी स्पष्ट. मी ओरडत बाहेर पळालो. तांड्यातल्या बाया टाळ्या पिटत आल्या, होळी तोंडावर आलेली, कोणीतरी डफ काढला. फुलसिंग नायकानं मला उचललं, आणि त्याचं वय सत्तर होतं. फक्त रतनसिंग फोटो घेऊन उन्हात उभा होता. वाघाची मान त्या मोकळ्या जागेकडे थोडी कललेली होती, शेजारचा माणूस हळू बोलत असला की आपण कलवतो तशी.

"काय म्हणत असन थो?" त्यानं विचारलं.

दुपारी जानराव साहेब घोड्यावरून आले. भिंग लावून कान पाहिला. अस्वलाबद्दल, सशांबद्दल, बसण्याच्या पद्धतीबद्दल एक शब्द काढला नाही. त्यांच्या दप्तरात वाघाचं प्रकरण होतं, अस्वलाचं नव्हतं.

"वाघ तोच आहे," ते म्हणाले. "पण हा फोटो कधीचा? मागच्या वर्षीचा कशावरून नाही? यावर तारीख कुठे आहे?"

"साहेब, वाघाला तारीख कशी घालू?"

"पाटी लावा. गळ्यात अडकवता आली तर उत्तम."

ते गंमत करत नव्हते. मी किन्हीराजाच्या शाळेतून पाटी आणली, तिच्यावर ठळक अक्षरात "११ मार्च" लिहिलं आणि दगडाला टेकवून ठेवली. रतनसिंग तिच्या मागे उभा राहिला. मी फोकस धरला. त्या दिवशी फोकस धरून झाल्यावरही तो लवकर हलला नाही. दोनदा हाक मारावी लागली.

सकाळी पाटी जागेवर होती. ओली, आणि तिच्यावर ११ मार्च.

काच धुतली. सगळे होते. वाघ होता. पाटी होती. पाटीवर १४ मार्च होतं.

अक्षर माझं होतं. चारचा आकडा काढताना मी शेवटाला एक उगीच वेलांटी देतो, लहानपणी त्यावरून मार खाल्लाय. ती वेलांटी होती. त्या पाटीवर मी चार हा आकडा लिहिलाच नव्हता.

साहेबांनी फोटो पाहिला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. मला वाटलं, चला, कोणीतरी घाबरलं.

"ही तर पुढची तारीख आहे," ते म्हणाले. "आज बारा. चौदाचा पुरावा बाराला दाखल कसा करू?"

"मग?"

"चौदाला ग्राह्य धरतो. तोवर हा इसम नायकाच्या हवाली. फोटो आणि काच दोन्ही जमा करा."

लाल फडक्यात बांधून त्यांनी दोन्ही नेलं. कॅमेरा मी पेटीत बंद केला. काम संपलं होतं. तरी बाराच्या आणि तेराच्या संध्याकाळी रतनसिंग उठून नाल्याकडे गेला, आणि अंधार पडताना परत आला. मोतीबाईनं विचारलं तर म्हणाला, "पाय मोकळे करून आलो." तिनं मला बाजूला घेतलं.

"बाबू, तुमी त्याले तिथं उभं केलं. मंग सोडलं का नाई?"

"म्हणजे?"

"उभं राह्य म्हणलं. जाय म्हणलं का?"

मी म्हटलं असेल. म्हणतोच मी. मला आठवलं नाही.

चौदाला सकाळी दहाच्या सुमारास जानराव साहेब आले, कागदावर सही केली, शिक्का मारला. वाघ हयात. प्रकरण निकाली. रतनसिंग मोकळा. तांडा जागच्या जागी.

मला इतकं हलकं वाटलं की मी म्हणालो, सगळ्यांचा ग्रूप काढतो, साहेबांसकट, फुकट. लिंबाच्या झाडाखाली मी एकेकाला बसवलं. पोरं पुढे, बाया मध्ये, बाप्ये मागे. साहेबांना बाज दिली. मधोमध रतनसिंग. एका अंगाला मोतीबाई, तिनं त्याचा दंड धरलेला. दुसऱ्या अंगाला फुलसिंग नायक, त्याचा हात रतनसिंगच्या खांद्यावर.

काळ्या कापडातून मी त्याला पाहिलं. उलटा, पण होता. मी शपथेवर सांगतो, होता.

बटण दाबलं आणि त्याच झोपडीत, त्याच गोधड्यांच्या अंधारात काच धुतली.

साहेब आले होते. पोरं आली होती. लिंबाचं पान न् पान आलं होतं.

नायकाचा हात हवेत होता, कशावर तरी टेकलेला.

मोतीबाईची बोटं मिटलेली होती, दंडाएवढी पोकळी सोडून.

मध्ये जागा मोकळी होती. तिच्यातून मागचं कुंपण दिसत होतं, त्यावर वाळत घातलेला एक घागरा.

पट्टी लावायचं धाडस मला झालं नाही.

बाहेर आलो तर रतनसिंग दारातच उभा. हाताला राख, चूल साफ करत असावा. "मी कसा आलो?"

"सगळे हलले," मी म्हणालो. "काच वाया गेली."

ती काच मी वाटेत, दमणीच्या चाकाखाली ठेवून फोडली. वाशिमला आल्यावर मास्तरांचा ग्रूप काढला. अकराचे अकरा आले, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

एप्रिलच्या सुरुवातीला जानराव साहेबांचं पत्र आलं. ते घेऊन मी तांड्यावर गेलो; का गेलो, सांगता येत नाही. एकट्यानं वाचून ठेवून देण्यासारखं नव्हतं. रतनसिंग झोपडीपुढे उन्हात बसून अंबाडीचा दोर वळत होता. मोतीबाई जरा लांब, आरशाच्या काचा लावलेली चोळी, त्यांची कांचळी, शिवत. जरा लांबच.

मी पत्र वाचून दाखवलं.

"दप्तरी जमा केलेल्या छायाचित्रात वाघ स्पष्ट असून प्रकरण निकाली निघाले आहे. तथापि वाघाच्या पाठीवर उजवा हात ठेवून मध्यभागी उभ्या असलेल्या इसमाची नोंद आढळत नाही. इतर जनावरांप्रमाणेच सदर इसमाचेही डोळे चकाकत असल्याने चेहऱ्यावरून ओळख पटत नाही. तरी त्याचे नाव व बापाचे नाव उलट टपाली कळवावे."

मोतीबाईची सुई थांबली. तिनं वर पाहिलं नाही.

रतनसिंगनं दोराला दोन पीळ आणखी दिले.

"लिवून द्या, बाबू," तो म्हणाला. "रतनसिंग. बापाचं नाव रामसिंग."

मी पेन्सिल काढली. लिहिलं.

"आन जो इथं बसला हाये, त्याचं काही विचारलं का त्यायनं?"

मी पत्र पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचलं, उलटून मागची बाजूही पाहिली. त्याचं काही विचारलेलं नव्हतं.